मागचा पांढरा दिवा

कारा-बुलुक, ११ ऑगस्ट २०१९

तुराटदादा,

हे पत्र गाडीबद्दल आहे. दुसऱ्या कशाबद्दलही नाही, तेव्हा फाडायच्या आधी निदान पहिलं पान तरी वाच. फोनवर माझा नंबर तू कधीच बंद करून टाकलायस, म्हणून पोस्टानं पाठवतेय. येकातेरिनबुर्गच्या ट्राम डेपोत विजेचं काम करणारे किर्गिझ तुराट असे किती असणार? पोचेल.

आपली हिरवी गाडी मी परत रस्त्यावर आणतेय. हो, तीच. बाबांची 'तपकिरी घोडी'. सहा वर्षं शेडमध्ये मागची बाजू भिंतीला टेकवून उभी होती, वर गवताच्या पेंढ्या. पेंढ्या काढल्या, उंदरांची दोन बिऱ्हाडं हलवली, टायर भरले. इंजिन हातानं फिरतंय. अडलंय ते तारांपाशी.

पुस्तक माझ्याकडेच आहे. तेच, कंपनीनं गाडीबरोबर दिलेलं, तेलकट पुठ्ठ्याचं, शेवटी वायरिंगचा घडीचा नकाशा चिकटवलेलं. नकाशा घडीवर फाटलाय, मागून कापड लावून घेतलं. तुला आठवतच असेल, पण मी माझ्यासाठी लिहून काढते, म्हणजे डोक्यात नीट बसेल. त्र्याण्णव साली सगळ्या तारा जळाल्या. नव्या कुठं मिळत नव्हत्या. बाबांनी बंद पडलेल्या खाणीतली टेलिफोनची तार आणली आणि अख्खी गाडी तिच्यावर उभी केली. पुस्तकात तारा लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या, आणि आपल्या गाडीत झाडून सगळ्या काळ्या. म्हणून बाबांनी प्रत्येक तारेच्या टोकाला आईच्या नमद्याच्या गालिच्यातली रंगीत लोकर बांधली. पुस्तकात जो रंग तोच रंग लोकरीचा. इथपर्यंत मला समजतं.

समजत नाही ते असं. नकाशात सात ठिकाणी बाबांनी पेन्सिलीनं बारीक फुली मारलीय. ती फुली म्हणजे काय? तुटलेली तार? झालेलं काम? तारा जोडताना बाबांशेजारी तू बसायचास, मी नाही. एवढंच सांग. एका ओळीत सांग, 'प्रिय' नको, 'बुरमा' नको, काही नको.

गाडी का काढतेय ते पण सांगते, नाहीतर तुला वाटेल की विकायला काढली. आईचा हुकूम आहे. चहा पिता पिता म्हणाली, "त्या गाडीमुळं माझा मुलगा वेळेवर आला नाही. आता येईल तर त्याच गाडीतून येईल. टॅक्सीतून आलेला मला नको." मी म्हटलं, "आई, तो टॅक्सीतूनही येत नाहीये." तर म्हणाली, "तू गाडी कर, बाकीचं मी बघते." काय बघणार आहे देव जाणे. दवाखान्यातल्या बाईंनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं की आईचं हृदय थकलंय, हा हिवाळा तिला जड जाईल. हे आईला माहीत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. तुझ्या वाटेवरच्या डोलोन घाटात बर्फ पडायला अजून दोन-अडीच महिने आहेत.

म्हटलं ना, गाडीबद्दल आहे. फुलीचं तेवढं कळव.

बुरमाकान


कारा-बुलुक, ३० ऑगस्ट

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पण तुझीच बहीण आहे, थकणार नाही.

परवा काल्मुरातला बोलावलं होतं. आठवतो ना, तुझ्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा? आता त्याचं रस्त्याच्या कडेला गॅरेज आहे आणि पोट त्याच्या आधी आत शिरतं. डॅशबोर्डखाली डोकं घालून बाहेर आला आणि हसत सुटला. म्हणाला, "मास्तरीणबाई, ही वायरिंग आहे की तुमच्या आईचा नमदा?" म्हणे सगळं उपटून टाकू, बिश्केकहून तयार वायरिंग आणू, दोन दिवसांत गाडी पळेल. मी पुस्तक उघडून दाखवलं, तर म्हणतो, "पुस्तकं वाचून गाड्या चालल्या असत्या तर तुमच्या शाळेसमोर ट्रकांची रांग लागली असती." मी म्हटलं, "तुला वाचता आलं असतं तर तुझ्या गॅरेजसमोर तरी लागली असती." गडी चिडला नाही. चहा घेऊन गेला.

उपटू दिलं नाही मी. प्रत्येक गाठ आईच्या लोकरीची आणि बाबांच्या बोटांची आहे, ती काय काल्मुरातच्या कचऱ्यात टाकू?

नवी बॅटरी बसवली. बुधवारी गाडी सुरू झाली दादा! आई ओट्यावरून ओरडली, "आवाज तोच आहे गं!" आणि डोळ्याला रुमाल लावला. मी पण रडले, खोटं कशाला बोलू. पण तासाभरात बॅटरी मेली. परत भरून आणली, परत मेली. डायनामो काढून काल्मुरातनं तपासला, ठणठणीत आहे. म्हणजे तारांमध्येच काहीतरी चुकलंय. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा आपण लहान असल्यापासून बंद, त्यामुळं आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही.

मग मी पान एकशे चौदा काढून बसले. ते पान मला पाठ आहे, तुला आहे का? बाबांना रशियन बोलता यायचं, वाचायला नीट जमायचं नाही. म्हणून मी बाहेर उभी राहून मोठ्यानं वाचायचं, आणि तू आत स्टिअरिंगखाली बाबांशेजारी. "वाच गं, पुढं वाच." मी वाचायचे, "जोडणी क्रमांक नऊपासून डायनामोकडे", आणि आत तुम्हा दोघांची कुजबुज. मी वाकून बघायला गेले की बाबा म्हणायचे, "मुलींनी तारांना हात लावायचा नाही." का? कधी कारण सांगितलं नाही. मी घोड्यावर बसलेलं चालायचं, मेंढी कापलेली चालायची, तार मात्र नाही! आणि दर एप्रिलमध्ये ट्रक चालवायच्या परवान्याच्या तपासणीसाठी बाबा नारिनला निघाले की तुला बरोबर घ्यायचे. येताना तू आइस्क्रीम खाल्ल्याचं सांगायचास. मला घरी ठेवायचे. पस्तिसाव्या वर्षी पण आठवलं की राग येतो, बघ.

बाबा अंथरुणाला खिळल्यावर पण तेच. मी औषध देतेय, मी कूस बदलतेय, आणि हे म्हणतात, "तुराट येईपर्यंत तारांना हात लावू नको." त्यानंतर त्या दिवशी घाटात असंच एका तासानं, जाऊ दे. ते पत्र वेगळं. हे गाडीचं आहे.

दाराशेजारची खुंटी अजून रिकामी आहे. घरातून निघणारा माणूस नान-रोटीचा घास तोडतो आणि उरलेला नान तो परत येईपर्यंत खुंटीला टांगायचा, हे आई किती मनापासून पाळते तुला ठाऊक आहे. तू त्या दिवशी नानाला तोंड न लावता गेलास. आई म्हणते, "त्याला घरी ओढून आणेल असं त्याचं काहीच घरात नाही." हे मला सहा वर्षं ऐकावं लागतंय.

बुरमा


कारा-बुलुक, १९ सप्टेंबर

दादा,

हे ते वेगळं पत्र. शेजारच्या झिबेकचा जावई परवा विमानानं तुमच्याकडं चाललाय, त्याच्या हाती देतेय. तो तुझ्या हातातच देईल, आणि तू वाचेपर्यंत दारातून हलू नको असं मी त्याला बजावलंय.

घाट बंद नव्हता.

हे तुला माहीतच आहे. ज्या ट्रकवाल्यानं तुला आणलं त्यानंच सांगितलं, की तो सकाळपासून दोनदा घाट उतरून गेलाय. तू अंगणात सगळ्यांसमोर मला विचारलंस, "घाट कधी बंद होता?" मी मान खाली घातली. मग तू म्हणालास, "घर पाहिजे होतं तर मागायचं होतंस. मला बाबांच्या मातीला मुकवायचं कारण नव्हतं." काडीमोड घेऊन माहेरी आलेली बहीण, घर मुलाचं असतं ही आपली रीत, तो तुटला की घर तिचं, सगळा हिशेब लोकांच्या डोक्यात लगेच बसला. मी तेव्हाही बोलले नाही. का नाही बोलले ते आता ऐक.

बाबा जायच्या आदल्या आठवड्यात मी तारांना हात लावला.

डॅशबोर्डखालची मोठी जोडणी गंजली होती, दिवे लुकलुकत होते. बाबा रोज विचारायचे, "घोडी ठीक आहे ना?" मी म्हटलं, तुराट काय करतो ते मला का जमू नये? पुस्तक मीच वाचलंय ना आयुष्यभर! बाबा झोपलेले असताना मी ती जोडणी उघडली. सगळी टोकं सोडवली, घासून चकचकीत केली आणि नकाशा समोर ठेवून परत जोडली. लालला लाल, हिरव्याला हिरवी, निळ्याला निळी. दिवे लागले, गाडी सुरू झाली. मी इतकी खूश झाले दादा! बाबांना सांगायचं ठरवलं होतं, की बघा, मुलीच्या हातानं काही बिघडलं नाही. सांगायच्या आधीच ते गेले.

तू विमानानं आलास, बिश्केकहून टॅक्सी पकडलीस. ती टॅक्सी नारिनलाच चालली होती, आपल्या गावावरूनच जाणार होती. मी फोन केला, "कोचकोरला उतर, मी येते. बाबांचा मुलगा बाबांच्या दारात बाबांच्याच गाडीतून यायला हवा." सगळे मला म्हणाले, असला हट्ट करू नको. पण मला तुला दाखवायचं होतं. तू दार उघडून शेजारी बसावंस आणि मी म्हणावं, "वायरिंग मी केलंय." बाबांना मातीत ठेवायच्या दिवशी माझ्या डोक्यात हे होतं. मला माझीच लाज वाटते.

बर्फ भुरभुरत होतं. दिवे लावले, वायपर लावले, हीटर लावला. घाटमाथ्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी गपकन मेली. किल्ली फिरवली तर नुसती टिक. मी चढण चढून वर गेले, तेव्हा कुठं फोन लागला. तुझा आवाज आला, "कुठं पोचलीस?" आणि माझ्या तोंडून निघालं, "घाट बंद केलाय. तू तिथंच थांब, उघडला की येते." मला वाटलं, अर्ध्या तासात होईल सुरू; शेवटी ती ओढून घरी आणावी लागली. खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या मिनिटाला दुसरी गाडी पकडली असतीस आणि वेळेवर पोचला असतास. पण मग विचारलं असतंस, "तारांना हात लावलास का?" तेवढा एक प्रश्न टाळायला मी तुला कोचकोरच्या बाकावर बसवून ठेवलं.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी तुझ्यासाठी तिसऱ्या दिवसापर्यंत बाबांना ठेवलं होतं. दुपारच्या नमाजानंतर मुल्लांनी सांगितलं, आता आणखी नाही. एकुलता एक मुलगा असताना पहिली माती चुलतभावानं टाकली.

घर मला नको होतं. घर मला आजही नको. एवढंच होतं, आणि एवढं सांगायला मला सहा वर्षं लागली. शिव्या घालायच्या तर घाल, पण आईला भेटायला ये. आईनं तुझं काय बिघडवलंय?

बुरमा


कारा-बुलुक, ६ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणायचं का त्याला? सहा वर्षं, माझी तीन पत्रं, पोटातलं सगळं काढून तुझ्यापुढं ठेवलं, आणि तू एक ओळ पाठवलीस:

"त्या दिवशी गाडीचा मागचा पांढरा दिवा लागलेला होता का?"

झालं! ना माफ केलं, ना नाही केलं, ना आईची चौकशी. मी ते कार्ड टेबलावर आपटलं. आई म्हणाली, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "तुमचे चिरंजीव ट्रामवाले झाले, दिव्यांची चौकशी करतात." आईनं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "अक्षर तसंच आहे, वाकडं." आणि ते उशीखाली ठेवून दिलं.

मला कसं माहीत असणार दिव्याचं, मी पुढं बसलेले! असं म्हणत भांडी घासत होते आणि मधेच हात थांबला. त्या दिवशी घाट चढताना एक ट्रकवाला माझ्या मागं होता. सारखा हॉर्न मारत होता. वळणावर पुढं आला, काच खाली केली आणि ओरडला, "ए ताई, पुढं चाललीस की मागं? नक्की ठरव!" दात काढून निघून गेला. मला वाटलं, बाई गाडी चालवतेय म्हणून मेला चिडवतोय. मी रागानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

साबणाच्या हातानं तशीच शेडमध्ये गेले. तो दिवा फक्त गाडी मागं घेताना लागायचा; मी नुसती किल्ली फिरवली, मागचा गियर टाकला नाही, कशाला हात लावला नाही. उतरून मागं गेले. आणि दादा, भिंतीवर पांढरा उजेड! सहा वर्षं गाडी भिंतीला टेकून उभी, आणि गेले दोन महिने मी पुढं बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेय, मागं कोण बघतंय.

मग काल्मुरातला हाक मारली. गाडी पुढं घेतली की त्याचा मीटर मेलेला. मागचा गियर टाकला की डायनामो लगेच बॅटरी भरायला लागतो. त्यानं तीनदा करून बघितलं आणि खाली बसला हसायला. "मास्तरीणबाई, ही गाडी उलटी चालवली तरच बॅटरी भरते! मागं मागं जात बिश्केक गाठा!" मी पण हसले. हसता हसता रडायला लागले, तेव्हा तो बिचारा घाबरून निघून गेला.

दोन तारांची अदलाबदल झालीय, बरोबर? डायनामोची मागच्या दिव्याला, मागच्या दिव्याची डायनामोला. पण कशी? मी दहा वेळा तपासून लालला लाल जोडली होती, हिरवीला हिरवी, शपथ! आणि इतक्या लांब बसून तुला कसं कळलं?

आता तरी दोन ओळी लिही.

बुरमा


कारा-बुलुक, २३ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. माझं उत्तर पोचायच्या आधीच तू लांबलचक पत्र लिहून टाकलंस, म्हणजे तुला उत्तर माहीतच होतं. ते पत्र मी ओट्यावर उभ्या उभ्या वाचलं. मग आत जाऊन बसून वाचलं. त्यातला हा भाग इथं उतरवून ठेवते, कारण मूळ कागद आईनं उशीखाली ठेवलाय, आता मागितला तरी देणार नाही.

"बुरमा, बाबांना लाल आणि हिरवा रंग वेगळा कळत नव्हता. दोन्ही त्यांना मातकट दिसायचे. म्हणून आपली गाडी त्यांना तपकिरी. हे कुणाला कळलं असतं तर परवाना गेला असता, मग बाबांची ट्रकवरची नोकरी गेली असती, मग आपण काय खाल्लं असतं? मी शेजारी बसून कानात रंग सांगायचो. मी शाळेत असताना त्यांनी काही तारा एकट्यानं बांधल्या, त्यात सात टोकांना चुकीची लोकर लागली. सोडवून परत बांधण्यापेक्षा नकाशात फुली मारली. फुली म्हणजे, इथं लोकर खोटी आहे. नारिनच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांत लपलेल्या आकड्यांची पानं दाखवायचे, तेव्हा मी मागं उभा राहून बाबांच्या पाठीवर बोटानं आकडा काढायचो. आइस्क्रीम त्याचंच होतं. माझ्या हातात नान देऊन त्यांनी शपथ घातली होती. पुढं ते घरी बसले, परवान्याचा प्रश्नच उरला नाही, तरी मी तोंड उघडलं नाही. खरं सांगू? तू जळायचीस ते मला आवडायचं. बाबांचं एक गुपित फक्त माझं होतं. मी एक शब्द बोललो असतो तर तुझी गाडी थांबली नसती. घाट बंद नव्हता हे मला त्याच दिवशी कळलं. गाडी का बंद पडली हे मी तुला कधी विचारलंच नाही."

दादा, मला बाबांचा भयंकर राग आलाय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आलाय. एवढंसं सांगायला काय झालं होतं? मी काय नारिनला चुगली करायला जाणार होते? आयुष्यभर मला वाटत राहिलं की माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. आणि राग येता येता ती पाठ डोळ्यांसमोर येते, तिच्यावर बोटानं नऊ आणि सहा काढणारा तू येतोस, आणि मग मला रागावताही येत नाही.

आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नवरा माझा, मला नसेल माहीत? लग्नाआधी लाल रुमाल आणतो म्हणाला आणि हिरवा घेऊन आला. मी लाल म्हणूनच डोक्याला बांधला. मैत्रिणी हसल्या, हसू दे."

"मग मला का नाही सांगितलंत कुणी?"

"तू पुस्तक केवढ्यांदा वाचायचीस आठवतं का? अख्ख्या गावाला ऐकू जायचं."

मी पुस्तक उचललं आणि शेडकडं गेले.

मी तेव्हा उघडलेल्या जोडणीत फुलीच्या दोनच तारा होत्या, त्या आपसात बदलल्या. काल्मुरात मीटर धरून उभा होता, हात मी लावला. बॅटरी भरतेय. खोट्या लोकरी तशाच ठेवल्यात, सोडल्या नाहीत. फक्त नकाशाच्या कडेला शाईनं लिहून ठेवलं: फुली म्हणजे इथला रंग धरू नये. आपल्यानंतर ज्याच्या हातात हे पुस्तक पडेल त्यानं आपल्यासारखं अडकू नये.

तू लिहिलंयस, "शनिवारी सव्वीस तारखेला, कोचकोर, सकाळी नऊ. त्याच बाकावर बसतो." मी तीनदा वाचलं. बाजारातून कणीक आणली. आई स्वतः नान भाजणार म्हणतेय, मला तंदुराजवळ फिरकू देत नाही.


डोलोन घाट, २६ ऑक्टोबर, सकाळ

दादा,

याच कागदाच्या पाठीवर लिहितेय. समोर तेच वळण आहे. मी गाडी कडेला घेऊन मुद्दाम बंद केलीय. काल्मुरातनं हजारदा बजावलं होतं की वाटेत कुठं बंद करू नको. पण इथून न थांबता पुढं गेले असते तर मला सारखं वाटत राहिलं असतं की आज नुसतं नशीब चांगलं होतं.

एकटी नाहीये. मागच्या सीटवर आई आहे. सगळ्यांनी नको म्हटलं, दवाखान्यातल्या बाईंनी तर हात जोडले. ही म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही दोघांनीच ठरवलंत, काय झालं बघितलं ना? यावेळी मी येते." मांडीवर रुमालात गुंडाळलेला नान धरून बसलीय, मला वासही घेऊ देत नाही. "पहिला घास तो तोडेल. मग तुम्हाला काय भांडायचं ते भांडा. उरलेला मी खुंटीला टांगणार." तिथून सरळ बाबांकडं न्यायचं म्हणते तुला. बायका कबरीपर्यंत जात नाहीत, म्हणून आम्ही दोघी भिंतीशी थांबू. माती तू एकटाच टाक, कितीही वेळ लागू दे.

थोडं बर्फ भुरभुरतंय. दिवे चालू होते, वायपर चालू होते, हीटर चालू होता. सगळं त्या दिवशीसारखं.

आई ओरडतेय, "लिहितेस काय गं? तो थांबलाय तिथं!"

कागद स्टिअरिंगवर ठेवून लिहितेय, अक्षर तुझ्यासारखं वाकडं येतंय. थांब, किल्ली फिरवते.

लागली, दादा! पहिल्या फटक्यात सुरू झाली. आई नानावर हात ठेवून काहीतरी पुटपुटतेय. एक मिनिट, खाली उतरून मागं बघून येते.

बघून आले. मागचा पांढरा दिवा बंद आहे. आम्ही येतोय.

बुरमा